घरचा रंग

आमच्या घरी गाडी आहे हे मी कॉलेजात वर्षभर कुणाला सांगितले नाही. प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले. ते अगदीच खोटे नव्हते. नळदुर्गच्या अलीकडे आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि पाऊस बरा झाला तर तिच्यात सोयाबीन येते. परंतु आमचे घर चालते ते गाडीवर. गाडी म्हणजे काळी-पिवळी. नळदुर्ग ते तुळजापूर अशा ज्या ट्रॅक्स जीपगाड्या धावतात, ज्यांच्या मागच्या पायरीवर एक मुलगा लोंबकळत 'तुळजापूर, तुळजापूर' असे ओरडत असतो, त्यांतलीच एक आमची. अंग काळे, टप पिवळा. मॉडेल २०१२ सालचे. अण्णांनी ती २०१७ मध्ये जुनीच विकत घेतली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढे हळहळून लिहिले होते! आमच्या काळी-पिवळीवर कुणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तेव्हा मीच लिहिते. अर्थात मला लिहायचे आहे ते गाडीच्या रंगाविषयी, आणि त्या निमित्ताने माझ्या हातून जे घडले त्याविषयी.

भाड्याच्या गाडीला आठ वर्षे पुरी झाली की ती दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. धाराशिवला आर.टी.ओ. साहेबांपुढे दिवे, ब्रेक, हॉर्न, रिफ्लेक्टर सारे दाखवायचे. गंजलेली, पोपडे निघालेली गाडी तिथे उभी तरी कशी करायची? म्हणून पासिंगच्या आधी रंग. आणि आमच्याकडे रंग घरीच द्यायचा, ही अण्णांची रीत. घरी म्हणजे अंगणात, पण लिंबाखाली मुळीच नाही. वरून लिंबोळ्या पडतात आणि पाखरेही आपले काम करतात.

पहिला दिवस धुण्याचा. मडगार्डच्या आत वर्षाचा चिखल दगडासारखा बसलेला असे, तो टोकरून काढायचा. दुसऱ्या दिवशी जुन्या हॅक्सॉच्या पात्याने गंज खरवडायचा, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साईड मारायचे, पोचे पडले असतील तिथे लांबी भरायची. मग घासणे. एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरपासून चारशे नंबरपर्यंत, पाणी टाकत टाकत. हे काम आई, मी आणि धाकटा अशा तिघांचे. 'पोरीची जात, अन् गाड्या घासायलीय' असे शेजारची म्हातारी म्हणायची, पण तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे. एका वर्षी घासून घासून आईच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली की रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठाच उमटेना. दुकानदार म्हणाला, चार दिवसांनी या.

रंगाचा दिवस मात्र अण्णांचा. आदल्या संध्याकाळी अंगणात सडा टाकून धूळ बसवायची, कोंबड्या डालग्याखाली, आणि सकाळी आईने झाडू हातात धरायचा नाही. वारा सुटायच्या आत, फटफटताच ते सुरुवात करीत. सिंथेटिक इनॅमलचा डबा, त्यात बेताने टर्पेंटाइन, आणि तो रंग आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून घेतलेला. तीन इंची ब्रश. ब्रश एकाच दिशेने ओढायचा, अर्धवट सुकलेल्या जागेवर पुन्हा वळायचे नाही. ब्रशचा केस चिकटला तर तो सुईच्या टोकाने उचलायचा. अण्णा चौथी शिकलेले आहेत; पण त्या दिवशी ते परीक्षेला बसल्यासारखे गप्प असत. मग दोन दिवस गाडीजवळ फिरकायची कुणाला मुभा नसे. तरीही काहीतरी चिकटेच. एका वर्षी बॉनेटवर एक चिलट अडकले ते पुढच्या पासिंगपर्यंत आमच्याबरोबर तुळजापूरला जात-येत होते.

दहा पावलांवरून गाडी नवी दिसे. जवळ गेले की ब्रशच्या रेषा दिसत, पाळी घातलेल्या रानासारख्या.

मला त्या रेषांची लाज केव्हा वाटू लागली ते मी नेमके सांगू शकते. २०२४ च्या जुलैत मी कॉलेजात आले. ऑगस्टमध्ये एकदा अण्णांची गाडी कॉलेजच्या फाटकासमोर शिटा उतरवीत होती. आमच्या वर्गातली एक मैत्रीण सहज हसून म्हणाली, "ही गाडी डांबरानं रंगवलीय का गं?" मीही हसले. अण्णांनी मला पाहिले होते. मी पाहिले नाही असे दाखवले.

आता धंद्याचेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट. चांगलेच झाले, मी स्वतः रोज निम्म्या तिकिटात कॉलेजला येते. परंतु आमच्या गाडीत बसायच्या त्या निम्म्याहून अधिक बायकाच होत्या. बाजाराच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या, माहेराला निघालेल्या, मंगळवारी देवीला जाणाऱ्या. त्या एस.टी.ची वाट पाहू लागल्या, आणि त्यांच्या मागे त्यांचे नवरेही. गाडी भरायला पाऊण तास लागे तिथे दोन दोन तास लागू लागले. कधी मी एस.टी.च्या खिडकीत बसलेली असे आणि खाली अण्णा बॉनेटला टेकून उभे असत. घरी आल्यावर ते विचारीत, "आज जागा मिळाली का बाई बसायला?" त्यांत टोमणा नसे.

अशा स्थितीत वर्षाचा आधार म्हणजे नवरात्र. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरला जी माणसे लोटतात, त्या पंधरा दिवसांत कितीही गाड्या असोत, कमीच. २०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि आमच्या पासिंगची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. म्हणजे रंग भाद्रपदातच देणे आले. एरवी अण्णा पावसात ब्रश उचलत नसत. सोलापूरच्या एका गॅरेजात चौकशी केली तर घासून, लांबी भरून, गनने रंग मारायचे सोळा हजार सांगितले. घरी केले तर अडीच हजारांत भागते. अण्णा म्हणाले, घरीच करू, उघडीप बघून.

तिथे मी तोंड घातले. मोबाईलवर मी चार-पाच चित्रफिती पाहिल्या होत्या. घरच्या घरी गनने रंग मारणारी माणसे त्यांत किती सहज हात फिरवीत होती! पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होताच, गन भाड्याने मिळणार होती. "ब्रशचा रंग चार दिवस वाळत न्हाई, हा अर्ध्या तासात वाळतो," मी म्हणाले. "साडेचार हजारांत गॅरेजसारखं काम हुईल." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "शिकायलीय ती. तिला कळत आसंल." या वाक्याची मला अजून भीती वाटते.

सोलापूरला रंगाच्या दुकानात मीच गेले. एन.सी. रंग आणि त्याचा थिनर मागितला. दुकानदाराने विचारले, "खाली काय आहे?" मी म्हणाले, "काळाच आहे." त्याने डबे बांधून दिले.

त्याने रंग विचारला नव्हता, रंगाची जात विचारली होती, हे मला तेव्हा कळले नाही.

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळी ऊन पडले. कॉम्प्रेसर धडधडू लागला तशी अर्धी गल्ली जमा झाली. अण्णांनी नाकाला उपरणे बांधले आणि मी सांगेन तशी गन धरली. पहिला हात बॉनेटवर पडला आणि काय चकाकी आली म्हणून सांगू! एकही रेष नाही. आकाशातला ढग त्यात दिसत होता. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. आम्ही उजवा दरवाजा केला, मडगार्ड केले, मागची बाजू केली. मग आई म्हणाली, "हे असं का व्हायलंय?"

बॉनेटवर तापत्या दुधावर साय धरावी तशी सुरकुती धरत होती. आमच्या डोळ्यांदेखत ती सरकत दिव्यापर्यंत गेली. मग दरवाजावर. काही ठिकाणी कॉम्प्रेसरमधून पाण्याचे थेंब आले होते, तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. अण्णांनी एका जागी बोट टेकवले. बोटाबरोबर रंगाचे कातडे निघून आले आणि त्याच्याखाली त्यांच्या स्वतःच्या हाताचा मागच्या वर्षीचा रंग चिखलासारखा मऊ झालेला दिसला. त्यांनी गन खाली ठेवली. पंक्चरवाल्याला हाक मारून "बंद कर रे" म्हणाले. मला एक शब्दही बोलले नाहीत. माणसे हळूहळू पांगली.

मंगळवारी त्याच अवस्थेत गाडी सोलापूरला नेली. मी बरोबर होते. पंधराशे नंबरचा पेपर असतो आणि दोन हजार नंबरचाही असतो हे मी तिथे पाहिले. माझ्या मनातले गॅरेज म्हणजे काचेची खोली, पांढरे दिवे. मोठ्या कंपन्यांकडे तसे बूथ असतात. हवा गाळून आत सोडतात आणि साठ अंशांच्या आसपास तापवून रंग पक्का करतात. इथे पत्र्याची शेड होती, तीन बाजूंना ओली पोती टांगलेली आणि जमिनीवर पाणी मारलेले. आमच्या सड्याचीच मोठी आवृत्ती. फरक होता तो कॉम्प्रेसरच्या नळीत बसवलेल्या एका काचेच्या भांड्यात. हवा दाबली की तापते, पुढे गार झाली की तिच्यातले पाणी सुटते. ते त्या भांड्यात अडते. किती साधी गोष्ट!

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि जिथे आमची गन पोचली नव्हती अशा जागी ती मिनिटभर दाबून धरली. जुना रंग फुगला. "इनॅमल," ते म्हणाले. चिंधीला रंग विरघळून लागला तर खाली एन.सी., फुगला-सुरकुतला तर इनॅमल, आणि काहीच झाले नाही तर हार्डनरवाला पक्का रंग. इनॅमल हवेतल्या प्राणवायूने सावकाश आवळत जाते, त्याला महिने लागतात, आणि एन.सी.चा थिनर इतका जहाल की तो त्याला खालून उचलतो. एन.सी.वर इनॅमल चालते, इनॅमलवर एन.सी. चालत नाही. एवढी परीक्षा एका चिंधीत होती आणि तिला एक पैसा पडत नव्हता.

मग ते अण्णांकडे वळून हसत म्हणाले, "मामा, कुणी मारला हो ह्यो कलर?"

अण्णा म्हणाले, "मीच."

मी तिथेच उभी होते. हातात कॉलेजची पिशवी होती. मी बोलले नाही.

गाडी आता पत्र्यापर्यंत उघडी करावी लागणार होती. वरचा सुरकुतलेला थर पटकन निघाला. पण मागच्या पॅनेलवर, जिथे थिनर मुरला नव्हता, तिथले थर पात्याला दाद देईनात. माझ्याच वयाचा एक मुलगा ते खरवडत होता. दहावीनंतर तो इथे लागला होता. त्याने मला कडेचा पोपडा दाखवला. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे त्यात थर होते. काळा, लाल ऑक्साईड, काळा, लाल, काळा. मी मोजले. दरवर्षीचे पासिंग त्यात होते. सगळ्यांत खाली पांढरा निघाला. गाडी कुणाच्या तरी घरची होती, तेव्हाचा.

मिस्त्री तो पोपडा हातात घेऊन म्हणाले, "हे खालचं काम चांगल्या माणसाचं हाय. नीट घासून मारलंय. ह्या शेवटच्यानं घाण केली." अण्णा जवळच बाकावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही, की ते खालचेही आपलेच म्हणून सांगितले नाही.

पुढे मी ग्रंथालयात आणि मोबाईलवर या रंगांची थोडी माहिती काढली. एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ते मुळात कापसापासून करतात. म्हणजे ज्या कापसाच्या गाड्या आपल्याकडून जातात, त्याच्याच जातीची ही वस्तू. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने 'ड्यूको' नावाने हा रंग काढला आणि जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम आला. आपल्याकडे अजूनही गाडीच्या रंगाला सरसकट ड्यूको म्हणतात ते यावरून. त्याच्या आधी मोटारीच्या कारखान्यांतसुद्धा ब्रशनेच रंग देत, एक हात वाळला की घासून दुसरा, आणि एका गाडीला कित्येक आठवडे लागत. वाळण्याची वाट पाहण्यात कारखाने अडून पडत, म्हणून तासांत वाळणारा रंग शोधला गेला. अण्णांची पद्धत ही शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यांची पद्धत होती, हे वाचून मला बरे वाटले की वाईट, ते ठरवता आले नाही.

गनचीही गोष्ट गमतीची आहे. डॉ. डिव्हिलबिस नावाच्या अमेरिकन डॉक्टराने रोग्यांच्या घशात औषध फवारायला एक यंत्र केले होते. पुढे त्याच्या मुलाने त्याच तत्त्वावर रंगाची गन केली. तो खरवडणारा मुलगा नाकाला नुसता रुमाल बांधून गन मारत होता आणि मधूनमधून खोकत होता. आमच्या गाडीला हार्डनरचा रंग दिला. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वासातून गेले तर दम्यासारखा विकार जडू शकतो. कोळशाच्या पुड्यांचा खास मुखवटा लागतो. तो तिथे एक होता, खिळ्याला टांगलेला. अण्णांनी त्या मुलाला दोनदा सांगितले, "लेकरा, घाल की ते." तो हसला. उकडतंय म्हणाला.

एकूण बिल साडेतेवीस हजार झाले. अण्णांनी भिशी आधी उचलली. गाडी ७ ऑक्टोबरला मिळाली, पासिंग ९ ला झाले. नवरात्राच्या पहिल्या सात माळा गाडी लायनीवर नव्हती. त्या दिवसांत अण्णा दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने गेले. त्यांना हे काम आवडत नाही, कारण दुसऱ्याची गाडी सांभाळून चालवावी लागते आणि त्यांच्या मते लोक ती सांभाळत नाहीत. आम्हांला दसरा आणि कोजागिरी एवढीच मिळाली.

गाडी सुरेख झाली हे मान्य केले पाहिजे. एक रेष नाही. मात्र पाटी, अक्षरे सगळी गेली होती. मागे 'आई राजा उदो उदो' होते, बाजूला 'नळदुर्ग - तुळजापूर' आणि खाली 'जि. उस्मानाबाद'. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी आमच्या गाडीवर जुनेच राहिले होते. पाटी रंगवणाऱ्याने अक्षरावर पैसे सांगितले. अण्णा घरी आले आणि त्यांनी पिवळ्या इनॅमलची लहान डबी व बारीक ब्रश माझ्यापुढे ठेवला. "तुझं अक्षर चांगलं हाय," म्हणाले. मी दुपारभर लिहीत होते. 'धाराशिव'मधला 'श' जरा कलला आहे. ब्रश परत वळवायचा नाही, म्हणून तो तसाच ठेवला.

दुसऱ्या वर्षाच्या अर्जात पुन्हा तोच रकाना आला. मी 'वाहनचालक' असे लिहिले. अर्ज घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचा अर्ज काढून पाहिला व तिथे शेती आहे, दोन्ही जुळले पाहिजे असे सांगितले. खाडाखोड करून मी 'शेती' लिहिले.

यंदाच्या पासिंगआधी अण्णा पायरीजवळ बसले होते. गोटे उडून तिथला रंग टवका टवका गेला होता. तेवढ्याला घरचा हात द्यायचा होता. इनॅमलचा डबा उघडण्याआधी त्यांनी आईच्या लुगड्याचा पांढरा तुकडा थिनरमध्ये बुडवला, पायरीच्या कडेला दाबून धरला आणि मला हाक मारली. आम्ही दोघेही वाट पाहत होतो. मिनिटभराने त्यांनी तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. त्याला काही लागले नव्हते, आणि खालचा रंग जसाच्या तसा होता.

"लावू का?" त्यांनी विचारले.

"आधी घासा," मी म्हणाले, आणि चारशे नंबरचा पेपर आणायला घरात गेले.